नेआ कासाबाची धाकटी

पुण्याची मुलगी जर्मनीत येऊन ग्रीसमधल्या एका उपनगरावर डॉक्टरेट का करते, हा प्रश्न मला एर्लांगेनमध्ये पाच वर्षं भेटेल त्याने विचारला. बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारला, व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईने तर दर वर्षी नव्याने विचारला. सुरुवातीला मी भारदस्त उत्तर द्यायचे. पुढे कंटाळून खरं ते सांगायला लागले, की शिष्यवृत्ती त्याच विषयाला होती. इंजिनिअर पोरांना इथल्या कंपन्या पायघड्या घालतात, भूगोलात एम. ए. केलेल्या संपदाला कोण बोलावणार? विद्यापीठात भूमध्य समुद्राकाठच्या शहरांवर एक प्रोजेक्ट चालू होतं, त्यात एक जागा रिकामी होती. ती मला मिळाली आणि तिच्याबरोबर नेआ कासाबा गळ्यात पडलं.

नेआ कासाबा अथेन्सच्या पश्चिमेला आहे. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत, फिरकावं असं तिथे काही नाहीही. कासाबा म्हणजे आपला कसबाच. तोच शब्द एकीकडे आपल्याकडे आला आणि दुसरीकडे तुर्कस्तानातल्या एका गावाला चिकटला. त्या गावात ग्रीक लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९२२ साली लढाईत ग्रीसचा पराभव झाला आणि ते सगळे होते तसे बोटीत बसून निघाले. अथेन्सबाहेर दोन कोरड्या ओढ्यांच्या मधल्या माळावर सरकारने त्यांना तंबू दिले, मग लाकडी बराकी दिल्या. एका खोलीत दोन कुटुंबं, मध्ये घोंगडी टांगलेली, दारावर रंगवलेला नंबर. त्यांनी वस्तीला आपल्या गावाचंच नाव दिलं, नवा कसबा. पुढे विटांची घरं आली, दुसऱ्या महायुद्धातली उपासमारीची वर्षं आली, खेड्यांतून आणखी माणसं आली. जागा संपल्यावर लोकांनी ओढ्याच्या पात्रातच फळ्या ठोकून खोल्या उभ्या केल्या. साठ साली तरुण पोरंपोरी जर्मनीला कारखान्यांत निघून गेली. मागे ओढ्यावर काँक्रीटचं झाकण घालून त्याचा रुंद रस्ता केला आणि बैठी घरं बिल्डरला देऊन बदल्यात दोन-दोन फ्लॅट घ्यायची टूम निघाली. आपल्याकडे आता जे रीडेव्हलपमेंट म्हणून जोरात चाललंय, ते तिथे सत्तर सालीच उरकलं. आज तिथे पाचमजली इमारती आहेत, बाल्कन्यांना हिरव्या कनाती आहेत आणि खाली कुठे ओढा वाहतो हे कुणाला ठाऊकही नाही.

हे मी आता पाच मिनिटांत सांगितलं. लिहायला पाच वर्षं घेतली, आणि त्यातलं एकच पान मला रात्रंदिवस छळतं.

तिथल्या नगरपालिकेने वस्तीला पन्नास वर्षं झाल्यावर एक स्मरणिका काढली होती. आपल्याकडच्या स्मरणिकांसारखीच, पुढे नगराध्यक्षांचा फोटो आणि मागे सिमेंटच्या जाहिराती. तिच्यात एक ओळ होती: 'नोव्हेंबर १९५०च्या पुरात ओढ्यातल्या चाळीस खोल्या वाहून गेल्या. जीवितहानी नाही.' मला ती ओळ खुपली. माझे बाबा, भास्कर नाव त्यांचं, पानशेतच्या पुरानंतर वसवलेल्या पूरग्रस्त वसाहतीत वाढले. पुराबद्दल सरकारी कागदात काय लिहितात आणि घरात काय बोलतात, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. पाणी आलं, चाळीस खोल्या गेल्या आणि एकही माणूस गेलं नाही? माझा विश्वास बसेना. त्या काळी तिथे असलेलं कुणी भेटतंय का, हे मी शोधायला लागले.

ते माणूस मला प्रभाकाकूंनी गाठून दिलं. काकू मूळच्या साताऱ्याच्या. जर्मन माणसाशी लग्न करून १९७०च्या सुमाराला इथे आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. एर्लांगेनमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी पोराला पहिल्या थंडीत त्यांच्याकडची पिठलं-भाकरी मिळते. त्यांनी वीस वर्षं विजेच्या सामानाच्या एका कारखान्यात तारा जोडायचं काम केलं. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर वीस वर्षं बसलेली बाई म्हणजे एव्दोकिया.

"ती तुझ्या त्या कासाबाचीच आहे गं," काकू आपल्या जर्मन मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या. "पण स्वभावाने आल्झो, जरा तुसडी. गोड गोड बोलू नकोस. तिला आवडत नाही."

२००३च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा एव्दोकियाकडे गेले. बाहेर असं धुकं, की सायकलचा दिवा भर दुपारी लावावा लागला. ती सहासष्ट वर्षांची होती, उंच, हाडापेराने मोठी, काळ्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. आम्ही जर्मनमध्ये बोललो. ते तिचंही मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे छान जमलं. मी तिला ग्रीक पद्धतीने 'किरिया' म्हणत होते, म्हणजे आपलं बाई. ती मला पोरी म्हणायची.

चार वेळा मी तिच्या स्वयंपाकघरात बसून टेप लावला. बराकी, घोंगडी, गालिच्यांच्या कारखान्यात जाणारी आई, पाण्याच्या नळावरची भांडणं, सगळं तिने सांगितलं. ओढ्याचा विषय निघाला की मात्र उठून कॉफीचं भांडं गॅसवर ठेवायची. दोनदा ती ते ठेवून विसरली आणि कॉफी उतू गेली. तिसऱ्यांदा मी तिला बाबांच्या पुराचं सांगितलं. आजोबांचं शिवणयंत्र कसं वाहून गेलं, आजी त्यानंतर नदीकडे पाठ करूनच कशी बसायची, हे सांगितलं. ती ऐकत राहिली. चौथ्यांदा मी गेले तेव्हा तिने मी टेप लावेपर्यंत वाट पाहिली आणि आपणहून बोलायला लागली.

"मला विसरायला होतंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो ही सुरुवात आहे, पुढे वाढेल. म्हणून तुला सांगते. एक नाव आहे. ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. माझ्या मुलीलासुद्धा नाही. ते तू लिहून घे."

मग तिने सांगितलं ते असं. तिचे वडील भावाशी भांडले आणि बराकीतला आपला हिस्सा सोडून त्यांनी ओढ्यात फळ्यांची खोली बांधली. १९५०च्या फेब्रुवारीत तिथे धाकटी जन्मली. बाप्तिस्मा होईपर्यंत त्यांच्याकडे बाळाला नाव नसतं. नुसतं बेबा म्हणायचं, म्हणजे बाळी. आधी नाव घेतलं तर दृष्ट लागते. मी तिला सांगितलं, की आमच्याकडे बाराव्या दिवशी पाळण्यात घालून आत्या कानात नाव सांगते. ती म्हणाली, "तुमचं बरं आहे. आमच्याकडे नाव ठेवायला धर्मपिता लागतो." धाकटीचा धर्मपिता जहाजावर खलाशी होता. जहाज परत येईना, बाप्तिस्मा होईना, नाव ठेवता येईना. बाळाला दिवसभर कडेवर घेऊन फिरणारी एव्दोकियाच, तेव्हा तेरा वर्षांची. तिने कुणाला न सांगता स्वतःच धाकटीचं नाव ठेवलं. दोघीच असल्या की त्या नावाने हाक मारायची. धाकटी त्या नावाला मान वळवायला शिकली होती.

नोव्हेंबरात एका दुपारी आई कारखान्यात होती. एव्दोकियाने धाकटीला निजवलं आणि बादली घेऊन वरच्या नळावर गेली. पाऊस इकडे नव्हताच, डोंगरात होता. नळावर रांग होती. परत येऊन काठावर उभी राहिली तर खाली खोली नव्हती, नुसतं तपकिरी पाणी होतं. बादली तिच्या हातात तशीच भरलेली राहिली होती.

"सापडली नाही," ती म्हणाली. "वडील पोलिसांत गेले नाहीत. ओढ्यात बांधायला बंदी होती, राहत कुठे होता म्हणून पहिलं विचारलं असतं. चर्चच्या वहीत नाव नाही, कारण बाप्तिस्मा नाही. सरकारच्या वहीत नाही, कारण चर्चच्या वहीत नाही. आईने मरेपर्यंत तिचा शब्द काढला नाही. म्हणजे ती झालीच नव्हती, असंच सगळं."

मग तिने ते नाव घेतलं. एकदाच घेतलं, अगदी हळू, टेपकडे न बघता माझ्याकडे बघून. मी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"पुस्तकात येईल ना?" तिने विचारलं. "माझं नसलं तरी चालेल. तिचं यायला हवं. छापलेलं. म्हणजे मी विसरले तरी कुठेतरी असेल."

"येईल, किरिया," मी म्हणाले. "हो. नक्की येईल."

असं वचन द्यायचा मला अधिकार होता का, हा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, हे सांगायची लाज वाटते, आनंदही झाला होता. स्मरणिकेतली ती ओळ खोटी ठरली होती आणि ती मी खोटी ठरवली होती.

आमच्या प्राध्यापकांना मी दोन आठवड्यांनी सगळं सांगितलं. ते खूश झाले. माझ्या प्रबंधातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान ठरेल म्हणाले. नावाचं काढलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "तुम्ही त्या बाईंकडून सही घेतलेल्या फॉर्मवर काय लिहिलंय?" मला पाठ होतं. मुलाखतीत आलेल्या सर्व व्यक्तींची नावं बदलण्यात येतील, काम संपल्यावर ध्वनिफिती आणि नावांची यादी नष्ट करण्यात येईल. तो फॉर्म मीच एव्दोकियाला भरभर वाचून दाखवला होता, बसमधल्या सूचना वाचाव्यात तसा. तिने बिनदिक्कत सही केली होती.

"पण मूल तर मेलंय," मी म्हणाले. "आणि त्या बाईंचीच इच्छा आहे."

"एकाला सूट दिली की सगळे नियम गेले," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. नियम त्यांनी केलेले नव्हते, आणि एरवी हेच नियम लोकांच्या भल्याचे आहेत. मी आणखी दोन वाक्यं बोलले असते तर कदाचित त्यांनी नियम करणाऱ्या कमिटीला पत्र लिहिलंही असतं. पण माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीसाठी त्यांची सही त्याच आठवड्यात हवी होती आणि मी आयुष्यभर पहिल्या बाकावर बसलेली मुलगी. बाईंनी सांगितलं की करायचं, सरांनी सांगितलं की करायचं. मला राग यायला हवा होता. मला नुसती भीती वाटली. मी "बरं सर" म्हटलं आणि बाहेर आले.

एव्दोकियाला जाऊन हे सांगायचं असं मी ठरवलं होतं. नाताळनंतर सांगू, मग उन्हाळ्यात सांगू, असं करत राहिले. शेवटी तिला दर नाताळला शुभेच्छांचं कार्ड पाठवणं तेवढं उरलं. त्या रस्त्यावरून सायकलने जावं लागलं तर मी मान खाली घालून जायचे.

बदललेली नावं मी एका ग्रीक कॅलेंडरवरून घेतली. तिथे रोज कुठल्या ना कुठल्या संताचा दिवस असतो. सत्तावीस मुलाखती, शंभरेक नावं. एव्दोकिया मुलाखत क्रमांक चौदा झाली. धाकटीला मी इरिनी केलं. इरिनी म्हणजे शांती, ते तिला शोभेल असं वाटलं. पुढची साडेतीन वर्षं मी इरिनीबद्दल लिहिलं, इरिनीबद्दल परिषदांत बोलले, इरिनीचं पान दहा वेळा दुरुस्त केलं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने सगळ्यात जास्त प्रश्न इरिनीवरच विचारले.

२००७च्या उन्हाळ्यात प्रबंध दिला. त्याच दिवशी मी विभागाच्या तळघरात जाऊन सगळ्या कॅसेट पुसल्या. नुसत्या पुसल्या नाहीत, फिती ओढून काढल्या आणि कात्रीने कापल्या. नावांची यादी कागद फाडायच्या यंत्रात घातली. वहीतलं एकेक पान तपासून जिथे खरं नाव होतं ते फाडून यंत्रात घातलं. तिथल्या बाईकडून नष्ट केल्याच्या कागदावर शिक्का मारून घेतला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा जर्मन मुलगा हसत होता. त्याने त्याच्या प्रोजेक्टची एकही कॅसेट पुसली नव्हती, सगळ्या खणात कोंबून ठेवल्या होत्या. "कोण बघायला येतंय?" म्हणाला. मला तो आळशी वाटला. आपण किती चोख आहोत, याचा मला अभिमान वाटला.

त्यानंतर मला उंटरश्लाइसहाइममध्ये नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी म्युनिककडे राहायला गेले. इथे प्रबंध छापल्याशिवाय डॉक्टर म्हणवता येत नाही. त्यामुळे पुस्तक निघालं, २००८च्या ऑक्टोबरात. राखाडी पुठ्ठा, दीडशे प्रती.

महिनाभराने प्रभाकाकूंचा फोन आला.

"अगं संपदा, एव्दोकियाला मार्चपासून म्हाताऱ्यांच्या प्फ्लेगेहाइममध्ये ठेवलंय. घरी गॅस चालू ठेवायची, बाहेर पडली की रस्ता चुकायची. लेक स्मारो एकटी, तिची नोकरी, काय करणार? मी जाते आठवड्यातून दोनदा. मला ओळखते अजून. पण सारखं एकच चालू आहे तिचं, नाव आठवत नाही, नाव आठवत नाही. आणि म्हणते, ते त्या इंडियन मुलीकडे आहे, तिने लिहून घेतलंय. तुझं पुस्तक आलं ना?"

"आलं," मी म्हणाले.

"गेनाऊ. मग घेऊन ये आणि दाखव एकदा. तिचा जीव शांत होईल."

फोन ठेवला आणि तेव्हा, पाच वर्षांत पहिल्यांदा, मी ते नाव आठवून पाहिलं.

नव्हतं. स्वयंपाकघर आठवलं, उतू गेलेल्या कॉफीचा वास आठवला. तिचे ओठ हललेलेही आठवले. नावाच्या जागी इरिनी होतं. मी ते बाजूला सारलं तर त्याच्यामागे काहीच नव्हतं. जुना लॅपटॉप उघडला. सगळ्या फायलींत इरिनी. बाबांना लिहिलेल्या ई-मेल काढल्या. एकीत लिहिलं होतं, 'आज एका बाईंनी फार वाईट गोष्ट सांगितली.' बस, तेवढंच. वहीतली पानं मुळापासून फाडलेली होती. मी एर्लांगेनला विभागात फोन केला. तिथल्या बाईने माझा शिक्क्याचा कागद काढून वाचून दाखवला आणि सगळं व्यवस्थित नष्ट झाल्याची खात्री दिली. मग मी ग्रीक मुलींच्या नावांची यादी काढून मोठ्याने वाचली, दोनदा. एखादं नाव ऐकून ओळख पटेल अशी आशा होती. प्रत्येक नाव तेच असावं असं वाटलं आणि नसावं असंही वाटलं.

जगात ते नाव दोनच ठिकाणी होतं. एक तिच्या डोक्यात, ते आजाराने नेलं. दुसरं माझ्याकडे होतं आणि ते मी शिक्का मारून घेऊन संपवलं.

शनिवारी मी पुस्तक घेऊन एर्लांगेनला गेले. प्रभाकाकू स्टेशनवर आल्या होत्या. त्यांना वाटेतच सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता चालायच्या थांबल्या. रागावल्या की त्या जर्मन विसरतात.

"तुला एवढी अक्कल नव्हती? एक नाव! चिठोऱ्यावर लिहून पाकिटात ठेवता आलं नसतं?"

"नियम होता, काकू."

"नियमाचं कौतुक मला सांगू नकोस. मी चाळीस वर्षं यांचे नियम बघतेय. कुठला पाळायचा आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा, हे यांना बरोबर कळतं. आपल्यालाच कळत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता एकच कर. तिला खरं सांग. माझ्याकडून हरवलं म्हण, पाय धर. रडेल, चिडेल, तुला हाकलूनही देईल. पण खोटं नको सांगूस तिला. तिचं आता दुसरं काही उरलेलं नाही."

"खरंच सांगणार आहे," मी म्हणाले. आणि मी खरंच तसं ठरवलं होतं. जर्मन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

एव्दोकिया खिडकीशी खुर्चीत बसली होती. पाच वर्षांत निम्मी झाली होती. तिची मुलगी स्मारो पलंगावर बसली होती. चाळिशीची, एर्लांगेनमध्येच जन्मलेली, ग्रीक समजणारी पण जर्मनमध्ये बोलणारी. मला बघून ती उठली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं आलात," ती म्हणाली. "आई मला कधी काही बोलली नाही. मला मावशी होती हे मला या मार्चमध्ये कळलं."

एव्दोकियाने मला ओळखलं की नाही कोण जाणे. पण माझ्या हातातलं पुस्तक तिने ओळखलं. तिचा चेहरा असा उजळला, की माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"आणलंस," ती म्हणाली. "सांग. काय होतं तिचं नाव?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या दाराशी उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. मला खरं सांगायचं होतं, हे मी शपथेवर सांगू शकते. पण ती खुर्चीत पुढे वाकून, हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती आणि तिला नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. प्राध्यापकांसमोरही नव्हतं, इथेही नव्हतं.

"इरिनी," मी म्हणाले.

तिने ओठांनी ते नाव बोलून पाहिलं. मग मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "हे नाही."

तेव्हासुद्धा वेळ गेलेली नव्हती. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, किरिया, तुम्हाला बरोबर आठवतंय, एवढं म्हणायला हवं होतं. कुठेतरी खोल तिला ते अजून ठाऊक होतं. निदान कुठलं नाही हे ठाऊक होतं. ओढत ओढत कदाचित वरही आलं असतं. पण मी घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःचं तोंड लपवण्यापलीकडे काही सुचत नाही. मी पुस्तक उघडलं, ते पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून तिच्यापुढे धरलं.

"हे बघा," मी म्हणाले. "इथे छापलंय."

स्मारोने तिला चष्मा लावून दिला. एव्दोकियाने पान डोळ्यांजवळ नेलं आणि ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिचे खांदे सैल पडले.

"छापलंय म्हणजे तेच असणार," ती म्हणाली. "मीच विसरले. बघ, कसली बहीण मी." आणि मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं पोरी, तू सांभाळून ठेवलंस."

प्रभाकाकूंनी पलंगावरची आपली पिशवी उचलली. "मी खाली थांबते," त्या मराठीत म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

स्मारो डोळे पुसत होती. तिने पलंगाशेजारच्या खणातून एक छापील तक्ता काढला. तिथे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा असा तक्ता असतो. गाव, आईवडील, नवरा, आवडीचे पदार्थ, भीती कशाची वाटते. काळजी घेणाऱ्या मुली तो वाचून त्यांच्याशी बोलतात, आंघोळ घालताना, भरवताना. भावंडांच्या रकान्यात रेघ मारलेली होती. स्मारोने ती खोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "तुमच्यामुळेच मिळालं आहे."

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, पहिल्यापासून.

तेवढ्यात एक नर्स चहा घेऊन आली. हसरी, विशीतली मुलगी. तिने सवयीने तक्त्यावर नजर टाकली, नवीन अक्षरं पाहिली आणि कप ठेवता ठेवता मोठ्या आवाजात विचारलं, "अरे वा, फ्राऊ एव्दोकिया, ही इरिनी कोण?"

एव्दोकियाला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं, वार सांगता येत नव्हता. या वेळी ती जरासुद्धा अडखळली नाही.

"माझी धाकटी बहीण," ती म्हणाली. "तिचं नाव मीच ठेवलंय."